बुडबुडा

पासोड्या विठोबाच्या मागच्या बोळात
नरहरी जिनगरांचं दुकान.
दुकान म्हणजे एक फळी, एक दिवा,
आणि भिंतीवर टांगलेले पाय.
तिपाईचे. तरी पहिल्यांदा गेले तेव्हा दचकलेच.

अठराची होते, पॉलिटेक्निकचं दुसरं वर्ष.
वहीच्या मागच्या पानावर पूल काढायचे.
मुठेवरचे नाही. मुठेला काय,
उन्हाळ्यात चपला हातात घेतल्या की झालं.
माझे पूल खाड्यांवर असायचे,
एका टोकावरून दुसरं न दिसणारे,
आणि कठड्याला पितळी पाटी:
वैजयंता भोंडवे, अभियंता.

जिनगरांनी कॉलेजची लेव्हल हातात घेतली,
फुंकर मारली, तीन स्क्रू हळूहळू फिरवले.
"बुडबुडा मध्यावर आला म्हणजे
जमीन सपाट झाली असं नाही, पोरी.
तीन पायांनी आपसात मिटवून घेतलं, एवढंच."
मग म्हणाले, बघ आता.

जुनी दुर्बीण. सगळं उलटं.
रस्ता वर, आभाळ खाली,
एक बाई ओटीचं सामान घेऊन
डोक्यावर चालत निघालेली
आणि खण-नारळ काही सांडत नव्हतं.
"उलटं दिसतं म्हणून चुकीचं नसतं.
आकडा बरोबर येतो."

मी हसले. मला घाई होती.

आता पथ विभागात बसते.
खोदाईच्या परवानग्या देते.
केबलवाले, गॅसवाले, पाणीवाले, परत केबलवाले.
एकच रस्ता नऊ वेळा उकरू दिलाय मी,
दर वेळी एकाच वाक्याखाली सही करून:
'रस्ता पूर्ववत करून देण्याच्या अटीवर.'
पूर्ववत काही होत नाही.
खालच्या मातीला ते ठाऊक असतं,
वरच्या डांबराला शिकवावं लागतं.

आमच्या वर्गातला हणमंत घुले दोहाला गेला.
त्यानं खरंच पूल बांधला.
फोटो पाठवतो. फोटोत पूल मोठा, हणमंत एवढासा.
मी 'अभिनंदन' लिहिते,
आणि मग फोटो दोन बोटांनी ताणून
भेगा शोधते.
अजून सापडली नाही.

मागच्या गुरुवारी ऑफिसची लेव्हल भंगारात निघाली.
का कोण जाणे, घेऊन गेले बोळात.
जिनगर आहेत अजून. हात कापतात.
म्हणाले, हल्ली येतात ते वास्तुवाले,
होकायंत्र मागतात,
संडासाला कुठली दिशा चालेल विचारतात.
"सुई चुंबकाकडे बघते, साहेब. तुमच्याकडे नाही."
त्यांचा एकही स्क्रू मला फिरवता आलेला नाही म्हणाले,
आणि स्वतःच खोकेपर्यंत हसले.

मग लेव्हल माझ्यापुढे सरकवली. तूच लाव.
बुडबुडा पळाला, कडेला जाऊन बसला.
मी म्हटलं, माझा पूल राहिला, मामा.
असं काही त्यांना सांगायचं माझ्या मनात नव्हतं.

त्यांनी चष्मा पुसला. पुष्कळ वेळ पुसला.
"सगळीकडे फिरून पहिल्या खुणेवर परत आलीस,
की आकडा जुळतो?"
कधीच नाही. चार-पाच मिलिमीटर राहतातच.
"मग काय करता तुम्ही शिकलेले लोक?"
वाटून टाकतो. सगळ्या ठाण्यांवर थोडी थोडी.
"शेवटच्या एकट्याच्या माथी नाही ना मारत?"
नाही.
"मग," ते म्हणाले,
आणि पुढे काहीच बोलले नाहीत.
चहा आला. त्यात साखर फार होती.

बाहेर पडले तर बोळाच्या तोंडाशी चर खणलेला.
सही माझीच, तीन आठवड्यांपूर्वीची.
चरावर कुणीतरी फळी टाकली होती,
जुन्या पलंगाची असावी, एका कडेला कोरलेला मोर.
गॅसची टाकी खांद्यावर घेतलेला पोरगा
त्यावरून गेला. फळी डगमगली.
मी वाकून विटेचा तुकडा शोधला,
एका अंगाला सारला,
पाय देऊन पाहिलं. दुसरा तुकडा सारला.
पुन्हा पाय दिला.

मागे दोघं-तिघं थांबले होते.
एकजण म्हणाला, मॅडम, चला की.

फळीसाठी परवानगी कुणी घेतलेली नव्हती.